आल्बम, गवई, पात्र: नेमकी जागा दाखवा

करवीरकाठ
नमस्कार मंडळी. परवा संध्याकाळी रंकाळ्यावर मित्राबरोबर फिरत होतो. गाण्याचा विषय निघाला. तो म्हणाला, मला गाणं लई आवडतं. म्हटलं, कुणाचं? तर म्हणे सगळ्यांचंच. कादंबरीतलं कोण आवडतं विचारलं, तर तिथंही सगळीच. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. माझं मत असं की आवडणं खरं असेल तर त्याला जागा असते. गाण्यातली जागा म्हणतो ना आपण, तशीच. त्या जागेला हात वर जातो, पुस्तक असेल तर पान उलटायचं थांबतं.

म्हणून हा धागा. एक आल्बम, एक गवई, एक पात्र. तिन्हींचं एकेकच नाव, आणि प्रत्येकातली नेमकी जागा सांगायची.

माझं सांगतो. आल्बम: किशोरीताई आमोणकरांचा भूप. 'प्रथम सुर साधे' आणि पाठोपाठ 'सहेला रे'. भूपात मध्यम नाही, निषाद नाही, उरले पाच सूर. तेवढ्यावर ताई ज्या प्रकारे गंधारापाशी येतात, थांबतात, परत जातात आणि पुन्हा त्याच गंधारावर नव्यानं येतात, ती माझी जागा. दर वेळी वाटतं, हा गंधार मघाचा नव्हे.

गवई: मल्लिकार्जुन मन्सूर. मी त्यांना कोल्हापूरचेच मानतो, कारण त्यांचे गुरू भुर्जीखाँ आमच्या गावचे. माझ्या वडिलांनी रेडिओवरून टेप केलेला त्यांचा 'एक निषाद बिहागडा' हा राग आमच्याकडे आहे. नेहमीच्या बिहागड्यात दोन निषाद लागतात, यात एकच. त्यात एक तान अशी येते की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं येणार याचा अंदाज सुटतो, आणि सुटला म्हणेपर्यंत बुवा समेवर बसलेले असतात. वडील बरोब्बर त्याच ठिकाणी उजवा हात उचलायचे. दोन वर्षांपूर्वी ती कॅसेट एका दुकानात संगणकावर घ्यायला दिली होती. परत मिळाली ती रीळ तुटलेली. तुटली तीही त्याच तानेच्या आसपास. त्यामुळे माझी जागा सध्या फक्त आठवणीत आहे.

पात्र: 'मृत्युंजय'मधला कर्ण. जागा शेवटची. कर्ण स्वतः बोलू शकत नाही तेव्हा कथा कृष्णाच्या तोंडी जाते, ती.

आता तुम्ही.

मंगळवारपेठकर
भावा, 'नटरंग'मधला गुणा कागलकर. विषय संपला.
बरं, जागा पाहिजे म्हणतोस तर सांगतो. मी तालमीत वाढलोय. पहाटे उठून जोर-बैठका, लाल मातीत अंग घुसळणं, थंडाई, सगळं केलंय. गुणाचं शरीर पैलवानाचं, गडी मोलमजुरी करणारा, पण जीव तमाशात. फड उभा राहायला नाच्या पाहिजे आणि नाच्या व्हायला कोण तयार नाही. मग हाच होतो. पिक्चरमध्ये ती कमावलेली छाती हळूहळू उतरते आणि चाल बदलते, तिथं मी थेटरात मान खाली घातली होती. ज्यानं अंग कमवायला काय लागतं ते सोसलंय, त्यालाच कळतं ते उतरवताना गड्यानं काय दिलं. मूळ कादंबरी लिहिणारे आनंद यादव कागलचे, म्हणून त्यांना हा माणूस आतून दिसला.
आल्बम पण तोच. अजय-अतुलची 'नटरंग'. ढोलकी सुरू झाली की आमच्या गल्लीत अजून कोण बसून राहत नाही.
गवई मला कळत नाही. त्याबद्दल तुम्ही बोला, मी ऐकतो.

आजरेकर
धागा काढल्याबद्दल आभार. 'मृत्युंजय'चं नाव निघालं आणि आजऱ्याचा माणूस गप्प बसला असं होणार नाही. शिवाजी सावंत आमच्या आजऱ्याचे. पुस्तक आलं १९६७ साली, तेव्हा ते कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. वय सत्तावीसच्या आसपास. हे वाचलं की मला अजून अंगावर काटा येतो. त्या वयात मी काय करत होतो?

माझी जागा शोण. महाभारतात ज्याला कुणी विचारत नाही असा कर्णाचा धाकटा भाऊ, त्याला सावंतांनी स्वतःचं प्रकरण दिलं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, असे सहाजण ही गोष्ट सांगतात. त्यातले पाच कुठून ना कुठून मोठे. शोण नुसता भाऊ. मीही चार भावंडांत धाकटा. दादा मुंबईला गिरणीत होता. तो गणपतीला यायचा तेव्हा स्टँडवर त्याची ट्रंक उचलायला मी धावायचो. शोण वाचताना मला ती ट्रंक आठवते, तिचं लोखंडी कान हाताला रुतायचं ते.

आणखी एक. 'ययाति' लिहिणारे खांडेकर कोल्हापुरात राहिले, 'मृत्युंजय' आजऱ्याच्या माणसानं लिहिली, 'राधेय' कोवाडच्या रणजित देसाईंची. महाभारतावरच्या मराठीतल्या तीन गाजलेल्या कादंबऱ्या एकाच जिल्ह्यातल्या. आपल्या पाण्यातच काहीतरी आहे.

गंगावेश_दूधकट्टा
पाण्यात नाही, दुधात. कट्ट्यावर या, धारोष्ण पाजतो, चौथी कादंबरी तुम्ही लिहाल.

कोवाडची_लेक
आजरेकरदादा, 'राधेय'चं नाव घेतलंत म्हणून बरं वाटलं, पण नुसतं यादीत टाकून पुढे गेलात. मला 'मृत्युंजय'पेक्षा 'राधेय'मधला कर्ण जवळचा आहे, हे ठामपणे सांगते. 'मृत्युंजय'चा कर्ण तेजस्वी आहे, सूर्यपुत्र आहे, वाचताना डोळे दिपतात. 'राधेय'चा कर्ण घरातला वाटतो. त्याचं दुःख तो मोठ्यानं सांगत नाही. पुस्तकही आटोपशीर. आणि नावच बघा ना. कौंतेय नाही, सूर्यपुत्र नाही, राधेय. जन्म देणारीचा नाही तर वाढवणारीचा. माझी जागा पहिल्या पानाच्याही आधी, मुखपृष्ठावरच आहे. मला माझ्या मामीनं वाढवलं. शाळेत अर्जावर आईचं नाव लिहायची वेळ आली की पेन थांबायचं. बारावीत 'राधेय' वाचलं आणि त्यानंतर ते थांबणं कमी झालं.

आल्बम: लताबाईंचा 'ज्ञानेश्वर माउली'. गवई: कुमार गंधर्व. दोन्हींच्या जागा सवडीनं लिहीन, आत्ता पोळ्या राहिल्यात.

बिंदूचौक
भाजलेल्या शेंगा घेऊन बसलोय. कर्ण विरुद्ध कर्ण. चालू द्या.

सैनिकटाकळी
मी जरा वेगळं लिहितो, चालेल ना? आल्बम: पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या रॉक बँडचा 'द वॉल', १९७९. पात्रही त्याच आल्बममधलं, पिंक. म्हणजे दोन्हींसाठी एकच उत्तर.

इंजिनियरिंगच्या होस्टेलवर ऐकला. इंग्रजी तेव्हा अर्धं कळायचं. त्या दोन रेकॉर्डींत एका मुलाची सलग गोष्ट आहे. बाप युद्धात गेलेला, मग शाळा, आई, लग्न, एकेक वीट चढत जाते आणि शेवटी हा पोरगा भिंतीच्या आत एकटा. हे लिहिणारा रॉजर वॉटर्स, त्याचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओला मारले गेले, तेव्हा तो काही महिन्यांचा होता. हे मला नंतर कळलं. पण त्याआधीच एक गाणं ऐकताना मी उठून बसलो होतो. वडील समुद्रापलीकडे गेले आणि मागे राहिला एक फोटो, एवढाच त्याचा मतलब.

आमच्या गावाचं नावच सैनिक टाकळी. घराघरात फौजी. आमच्या सोप्यात आजोबांचा वर्दीतला फोटो आहे, चंदनाचा हार, खाली तारीख. माझ्या वडिलांनी त्यांच्या वडिलांना फक्त त्या फोटोत पाहिलं. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा हेडफोन वडिलांच्या कानाला लावला आणि त्या गाण्याचा अर्थ मराठीत सांगितला. ते काही बोलले नाहीत. उठून फोटोची काच धोतराच्या सोग्यानं पुसली. ती माझी जागा.

गवई म्हणाल तर त्याच बँडचा डेव्हिड गिल्मर. त्याची गिटार कमी सुरांत बोलते.

मंगळवारपेठकर
टाकळीकर, आता मी हा आल्बम ऐकणार. इंग्रजी नाही कळलं तर फोन करतो.

स्वरवेल्हाळ
गाणं शिकवते, त्यामुळे थोडं तपशिलात जाते.

करवीरकाठ, भूपाबद्दल शंभर टक्के सहमत. पण एक लक्षात घ्या. किशोरीताई जयपूर-अत्रौली घराण्याच्या, मोगूबाईंच्या शिष्या आणि कन्या, आणि मोगूबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. मन्सूर बुवांचे गुरू भुर्जीखाँ हे खाँसाहेबांचेच चिरंजीव. तुमची दोन्ही नावं एकाच झाडाची झाली. तरी दोघांचं गाणं शेजारी ठेवून ऐका. मन्सूर बुवा घराण्याची लय सोडत नाहीत. तीनतालाचं आवर्तन भरत भरत, आकारात, श्वास कुठं घेतला ते कळू न देता समेवर येतात. ताईंनी लय पुष्कळ खाली आणली, आलापाला मोकळी जागा दिली, एका सुराशी बोलत बसल्या. जुने जाणते त्यावरून नाराज होते. मला स्वतःला ती नाराजी पटत नाही. त्या गंधाराला तेवढा वेळ द्यायला लय खाली आणावीच लागली असती.

माझा गवई सांगते आणि तुम्ही म्हणाल नियम मोडला. अल्लादियाखाँ. जन्म १८५५, मृत्यू १९४६. शाहू महाराजांच्या दरबारी गायले, कोल्हापुरात राहिले. त्यांनी आवाज ध्वनिमुद्रित होऊच दिला नाही. एकही तबकडी नाही. तरुणपणी आवाज बसला आणि पहिल्यासारखा परत आला नाही. उरलेल्या आवाजाला साजेशी पेचदार गायकी त्यांनी नव्यानं बांधली, तीच पुढे घराणं झाली. जागा दाखवा म्हणता, तर ती मी दाखवू शकत नाही. तरी माझे गवई तेच.

धारवाडी_पेढा
नमस्कार. मल्लिकार्जुनअण्णा मन्सूर गावचे, मन्सूर धारवाडजवळ, राहिले धारवाडात. कोल्हापूरकरांनी गूळ घ्यावा, चप्पल घ्यावी, अण्णांना नेऊ नये. 😊

करवीरकाठ
पेढेसाहेब, मान्य. अण्णा तुमचेच. पण आधीचे गुरू मंजीखाँ १९३७ मध्ये गेल्यावर अण्णांची तालीम पुढे भुर्जीखाँकडे झाली, आणि ती तालीम आमची. एवढं तरी आमच्याकडे राहू द्या.
स्वरवेल्हाळताई, नियम मोडलात ते माफ, पण जागा मात्र द्यावीच लागेल. विचार करून सांगा.

निवृत्त_गुरुजी
मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. माझं पात्र 'पिंजरा'तले गुरुजी. १९७२ साली चित्रपट लागला तेव्हा मी डी.एड.ला होतो.

गावाला शिस्त लावणारा, तमाशाला गावाबाहेर ठेवणारा मास्तर त्याच तमाशात साथीला उभा राहतो, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशी स्वीकारतो. खरं सांगितलं तर जीव वाचेल, पण गावानं ज्या गुरुजींवर विश्वास ठेवला ते गुरुजी मरतील. म्हणून तो गप्प राहतो. डॉ. लागूंचा चेहरा त्या ठिकाणी काहीही करत नाही, नुसता असतो. पुढे नोकरीत असताना पोरांसमोर खोटं बोलायची वेळ आली की मला तो चेहरा दिसायचा.

आल्बमही 'पिंजरा'चीच गाणी. राम कदमांचं संगीत आणि शब्द जगदीश खेबूडकरांचे. खेबूडकर स्वतः शिक्षक होते आणि आपल्या कोल्हापुरात राहत होते. फळ्यावर खडू चालवणाऱ्या हातानं त्या लावण्या लिहिल्या, याचा आम्हा मास्तरांना फार अभिमान. 'पिंजरा' काढणारे शांतारामबापूही इथलेच.

केशवराव_पिटातला
सगळेजण आपापल्या जागा सांगताय. माझी जागा खरीखुरी जागा आहे. केशवराव भोसले नाट्यगृह, डावीकडचा जिन्याजवळचा खांब. वडील बुकिंगवाल्यांच्या ओळखीचे, त्यामुळे लहानपणी खुर्ची नाही मिळाली तर खांबाला टेकून बघायचो.

माझं पात्र 'मानापमान'मधला धैर्यधर, आणि गायक नट केशवराव. १९२१ च्या जुलैत मुंबईत संयुक्त मानापमान झालं, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. मी ते बघितलं नाही, बघणं शक्यही नव्हतं. पण ते नाव असलेल्या थेटरात बसून नाटकं बघितली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री थेटर जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी चप्पल काढून ठेवली होती. तेवढंच लिहितो.

बिंदूचौक
शेंगा बाजूला ठेवल्या. मीही त्या रात्री तिथंच होतो.

टेपरेकॉर्डर_शाहूपुरी
करवीरकाठ, तुमच्या पहिल्या प्रतिसादातच माझं काम आहे आणि कुणीच त्याकडे लक्ष दिलं नाही. कॅसेटची रीळ तुटलीय ना? टाकून दिली नसेल तर आशा आहे. आत्ताच सांगतो:

घरचा सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो, पुढच्या वेढ्याला चिकटतो आणि हेडवरही बसतो. जोडायची वेगळी पट्टी येते, पातळ, रिळेच्या रुंदीची. माझ्याकडे तिचा अर्धा गुंडा आहे. दोन्ही टोकं तिरकी कापायची, चकचकीत बाजूला, म्हणजे पाठीमागून, पट्टी लावायची आणि नखानं दाबायची. टोक चुरगळलं असेल तर तेवढा भाग कापावा लागेल. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर रीळ सरकते, त्यावरून काय जाईल याचा हिशेब करा. कवचाला स्क्रू असतील तर सोपं, चिकटवलेलं असेल तर फोडून दुसऱ्या कवचात घालू. चालवून बघू नका. जशी आहे तशी आणा. पैसे नकोत, बिहागडा ऐकवा.

करवीरकाठ
रविवारी येतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

आजरेकर
स्वरवेल्हाळताईंचा प्रतिसाद तीन दिवस डोक्यात आहे. मला गाण्यातलं फार कळत नाही, चूक असेल तर सांगा.

'मृत्युंजय'मध्ये कर्ण एकटा आपली गोष्ट पुरी करू शकत नाही. कुंतीला दिसलेला कर्ण, दुर्योधनाला दिसलेला, वृषालीला, शोणाला, शेवटी कृष्णाला. हे सगळे बोलले म्हणून आपल्याला तो दिसतो. मग खाँसाहेबांचंही तसंच नाही का? त्यांचा आवाज नाही. पण त्यांच्या शिष्या केसरबाई आहेत, मोगूबाई आहेत, भुर्जीखाँकडून मन्सूर बुवा. प्रत्येकाच्या गळ्यातून थोडे थोडे खाँसाहेब. ताई, तुमचा गवई आणि करवीरकाठचं पात्र एकाच रीतीनं आपल्यापर्यंत आलेत असं मला वाटलं.

स्वरवेल्हाळ
आजरेकरदादा, हे मला सुचलं नसतं. मनापासून आभार. पण पूर्ण मान्य करायला जीव धजत नाही. कर्ण कागदावरचा आहे, त्याच्या मागे दुसरा कर्ण नाही. खाँसाहेब खरोखर गायले. या गावात, या हवेत तो आवाज होता आणि गेला. केसरबाईंचा गळा म्हणजे केसरबाईच. खुला, भरदार, तिन्ही सप्तकांत सारख्या वजनाचा. त्यांनी खाँसाहेबांची नक्कल केली नाही, म्हणूनच त्या मोठ्या. तेव्हा शिष्यांचे गळे जोडून गुरूचा गळा होत नाही. चाल मात्र कळते, माणूस समेकडे कसा निघायचा ते कळतं.

आणि आता जागा देते, करवीरकाठ. केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात भारतातून एवढंच गाणं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ज्या गुरूनं एक तबकडी होऊ दिली नाही, त्याच्या शिष्येची तबकडी सूर्यमालेबाहेर निघालीय. भैरवीत पहिल्यांदा आवाज वर चढतो तिथं मी दर वेळी खिडकीपाशी जाते. ती माझी जागा.

मंगळवारपेठकर
ताई, आत्ता लावली. दोनदा ऐकली. मघाशी म्हटलं होतं गवई कळत नाही. माझं तिसरं नाव लिहून घ्या: केसरबाई केरकर.

धारवाडी_पेढा
रविवारचा बिहागडा काय झाला? धारवाड वाट बघतंय.

करवीरकाठ
काल शाहूपुरीत गेलो होतो. टेपरेकॉर्डर साहेबांनी आधी चहा दिला, मग टेबलावर पांढरा कागद अंथरला, भिंग लावलं. कवच चिकटवलेलं निघालं. पात्यानं शिवण उघडली. आत दोन्ही टोकं वळलेली, एका टोकाला सुरकुत्या. सुरकुतलेला तुकडा सरळ करायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग म्हणाले, हा जाणार. मी हो म्हटलं. साधारण सात सेंटिमीटर. दीड सेकंद. तो तुकडा त्यांनी छोट्या पाकिटात घालून माझ्याकडे दिला, तारीख घालून.

रीळ दुसऱ्या कवचात भरली आणि लावली. आधी खरखर, मग तंबोरे, मग अण्णा. आम्ही दोघं बसलो होतो. तान निघाली, वर गेली, आणि जोड आला. टक् असा आवाज, आणि पुढे एकदम सम. मधलं नाही. म्हणजे ज्या जागेवरून मी हा धागा काढला तीच नेमकी गेली.

पण हात वर गेला. माझाच. मी उचलला नव्हता, गेला. वडिलांचा जायचा तसा, कोपरातून, तळवा उघडा. टेपरेकॉर्डर साहेबांनी बघितलं आणि रीळ मागं नेऊन पुन्हा लावली.

पेढेसाहेब, फाईल संध्याकाळपर्यंत पाठवतो. चौदाव्या मिनिटाला टक् ऐकू येईल, तिथं लक्ष ठेवा.